घोडा कुठे गेला? महाकाव्यांचे नायक आणि ऐकत बसणारे

पानगळ
बरेच दिवस इलियड, म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य, वाचायचं मनात होतं, शेवटी या दोन महिन्यांत भाषांतरातून का होईना पूर्ण केलं. आणि खरं सांगू, संपल्यावर चक्क फसवल्यासारखं वाटलं. ग्रीक शिपाई ज्याच्या पोटात लपून ट्रॉय शहरात घुसतात त्या लाकडी घोड्याची मी आपली वाट बघतेय, आता येईल मग येईल, २४ सर्ग झाले, पंधरा हजारांवर ओळी झाल्या, घोडा नाहीच! ट्रॉय पडत नाही, ग्रीकांचा मोठा वीर अकिलिस मरत नाही, जिच्यावरून युद्ध पेटलं त्या हेलनचं पुढे काय झालं त्याचा पत्ता नाही. दहा वर्षांच्या युद्धातले शेवटच्या वर्षाचे पन्नासेक दिवस, त्यातही प्रत्यक्ष लढाई चारच दिवसांची, आणि शेवट काय, तर ट्रॉयच्या राजपुत्राचा, हेक्टरचा अंत्यविधी. म्हणजे शत्रूचा!

मग त्याच तिरीमिरीत होमरचंच ओडिसी घेतलं तर घोडा तिथे सापडला. आठव्या सर्गात. पण कसा, ते बघा. ट्रॉयहून घरी निघालेला ग्रीक वीर ओडिसियस सगळं गमावून एका परक्या राजाच्या दरबारात येऊन बसलाय, अजून नावही सांगितलेलं नाही. तिथे डेमोडोकस नावाचा आंधळा गवई आहे. ओडिसियस आपल्या पुढ्यातल्या मांसाचा चांगला तुकडा कापून त्याला पाठवतो, तोंडभर कौतुक करतो आणि फर्माईश करतो की ते घोड्याचं गाणं गा, ओडिसियसने घोडा गावात कसा घुसवला ते. म्हणजे स्वतःच्याच पराक्रमाची फर्माईश. आणि गाणं सुरू झाल्यावर हा रडायला लागतो. होमर इथे उपमा काय देतो तर, शहर वाचवताना नवरा पडलाय, त्याची बायको त्याच्या अंगावर पडून आक्रोश करतेय आणि मागून शत्रूचे शिपाई तिच्या पाठीत भाले ढोसून तिला गुलाम करून न्यायला उठवताहेत, त्या बाईसारखा तो रडला. अहो पण अशा बायका ट्रॉयमध्ये केल्या कुणी? यानेच ना?

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. जिथे बघावं तिथे हे नायक स्वतःची किंवा स्वतःच्या घरची गोष्ट ऐकत बसलेत. लव-कुश रामायण गातात ते रामासमोर. वैशंपायन महाभारत सांगतो ते जनमेजयाला, म्हणजे अर्जुनाच्या पणतूला. व्हर्जिलच्या लॅटिन महाकाव्यात ट्रॉयमधून निसटलेला एनियास कार्थेजला पोचतो तर तिथल्या देवळात ट्रॉयच्या युद्धाची चित्रं रंगवलेली, त्या गर्दीत त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. मेसोपोटेमियाच्या गिल्गमेश महाकाव्याच्या सुरुवातीलाच वाचणाऱ्याला सांगितलंय की ती गंधसरूची पेटी उघड, आतली निळ्या दगडाची पाटी काढ आणि गिल्गमेशने काय काय भोगलं ते वाच.

मला वाटायला लागलंय की महाकाव्याची खरी रचना युद्धात नाहीच, ती कोण कुणाला कधी सांगतंय यात आहे. तुम्हाला काय वाटतं?

टवाळखोर
रात्रभर रामायण ऐकलं आणि सकाळी रामाची सीता कोण असं आपण दुसऱ्याला हिणवतो. इथे तर गाणारी पोरं कोण हे खुद्द रामालाच ठाऊक नाही :)
हलके घ्या. धागा मस्त.

अनुष्टुभ
पानगळ, मुद्दा आवडला, त्यात महाभारताची भर घालतो कारण तिथे हा प्रकार फार लांबवर नेलाय. व्यासांची कथा, ती वैशंपायन सांगतो जनमेजयाला, ते ऐकून आलेला उग्रश्रवा सौती सांगतो नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना, आणि त्याच्या पोटात युद्धाचा सगळा भाग संजय सांगतो धृतराष्ट्राला. आपण चौथ्या दारातून आत डोकावतोय.

आता संजयाबद्दल. टीव्हीमुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की संजय राजवाड्यात बसून लाइव्ह कॉमेंट्री करतोय. मूळ पोथीत तसं नाही. व्यास त्याला दिव्यदृष्टी देतात हे खरं, पण भीष्मपर्वात तो रणांगणावरून येतो तो दहा दिवस उलटून गेल्यावर आणि आल्या आल्या पहिली बातमी देतो की भीष्म पडले. धृतराष्ट्र कोसळतो, विलाप करतो, आणि मग विचारतो की कसे पडले, सगळं सांग. त्यानंतर गोष्ट मागे जाते, सैन्यं समोरासमोर उभी राहतात, गीता येते. द्रोण, कर्ण, शल्य या पर्वांतही तीच चाल, आधी मरणाची बातमी आणि मग ते कसं घडलं.

म्हणजे "पुढे काय झालं" हा प्रश्नच नाही. त्याची हवा आधीच काढून टाकलीय. आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात धृतराष्ट्र "जेव्हा मी अमुक ऐकलं, तेव्हाच संजया, मला जयाची आशा उरली नाही" असं पालुपद धरून श्लोकामागून श्लोक सगळं कथानक सांगून टाकतो. द्यूतापासून शेवटापर्यंत सगळं. आणि सांगतोय कोण, तर हरलेला बाप.

जुनी_वही
थांबा थांबा. म्हणजे "धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे" म्हणताना धृतराष्ट्राला भीष्म पडल्याचं आधीच कळलेलं आहे??

लहानपणी पाठ केलेला श्लोक. "किमकुर्वत" हा भूतकाळ का, "काय करताहेत" असं का नाही विचारलं, असं मी तेव्हा विचारलं होतं तर "श्लोकात असंच असतं" असं उत्तर मिळालं होतं. चाळीस वर्षांनी आज उत्तर मिळालं. तो खेळ बघत नाहीये, तो पंचनामा करतोय.

आता तो श्लोक पुन्हा म्हणून बघितला, आवाजच वेगळा येतोय. आधी एखाद्या उत्सुक म्हाताऱ्याचा वाटायचा.

अनुष्टुभ
अगदी बरोबर. आणि त्यात "मामकाः" म्हणतोय. माझे. त्या "माझ्यां"चा सेनापती शरपंजरी पडलाय हे माहीत असताना.

उंटावरून
सगळं छान चाललंय पण जरा थंड पाणी ओततो, राग नसावा.

तुम्ही मंडळी या रचनेला फार हेतुपूर्वक केलेली कलाकुसर समजताय. होमरचा अभ्यासक मिल्मन पॅरीने १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात फिरून गुस्ले हे तंतुवाद्य वाजवत वीरगीतं गाणाऱ्या लोकांचं रेकॉर्डिंग केलं, बरोबर आल्बर्ट लॉर्ड होता. त्यातला अव्दो मेजेदोविच, धंद्याने खाटीक, लिहितावाचता येत नाही, त्याने १९३५ साली बारा हजारांवर ओळींचं एक गाणं कित्येक दिवस बसून गायलं. ओडिसी जेवढं आहे साधारण तेवढंच! हे पाठांतर नव्हतं, तो गाता गाता रचत होता. कसं जमतं? तर तयार तुकडे असतात. वीराचं नाव अधिक विशेषण, चिलखत चढवायचा प्रसंग, जेवणाचा प्रसंग, पहाट झाली. होमरमध्येही हेच. अकिलिस तंबूत मांडी ठोकून बसलेला असला तरी "चपळ पायांचा अकिलिस" असतो कारण ओळीत तेवढ्या मात्रांची जागा उरलेली असते, दुसरं काही कारण नाही. ओडिसीत पहाट बहुतेक वेळा गुलाबी बोटांचीच.

तेव्हा "गोष्टीत गोष्ट" हे गवयाच्या धंद्याची गरज म्हणूनही समजून घ्या. गवई आपल्या काव्यात गवयाला मानाचं पान वाढणारच की, मांसाचा चांगला तुकडा त्यालाच मिळणार :) आणि शेवट आधी सांगून टाकायचा कारण ऐकणाऱ्यांना तो माहीतच असतो.

पानगळ
उंटावरून, राग कसला, उलट बरं झालं आणलंत ते. पण मला वाटतं की तयार विटा असल्या म्हणून घर आपोआप उभं राहत नाही. विटा सगळ्यांकडे त्याच होत्या. पंधरा हजार ओळी गायच्या आणि घोडा ठेवायचाच नाही हे कुणीतरी ठरवलं असणार ना. ॲरिस्टॉटलनेही होमरला याच गोष्टीसाठी शाबासकी दिलीय, की त्याने अख्खं युद्ध घ्यायचा मोह टाळला आणि एक तुकडा उचलला.

हेक्टरचा_फॅन
आयडीवरून कळलंच असेल :)

मला रचनाबिचना कळत नाही, मी हिरो बघतो. इलियडमध्ये अकिलिस पहिल्या सर्गात रुसतो ते लढायला उतरतो थेट विसाव्यात. मधे त्याच्या रुसण्याने त्याचीच माणसं मरतात, जिवलग मित्र पॅट्रोक्लस मरतो, तेव्हा हा हलतो. याला नायक म्हणायचं? आणि हेक्टर बघा. सहाव्या सर्गात तो बायकोला भेटायला येतो, दाईच्या कडेवर पोरगं आहे, तो हात पुढे करतो तर पोर किंचाळून दाईच्या कुशीत शिरतं कारण बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा हलतोय. आईबाप दोघं हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग पोराला उचलतो. एवढंच. ते जमिनीवर चमकत पडलेलं शिरस्त्राण मला अख्ख्या काव्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. आणि त्याच शहराच्या तटाखाली तो मरणार हे आपल्याला माहीत, बायकोला माहीत, घरात जिवंतपणीच त्याच्या नावाने रडारड सुरू.

कर्णाचं पण तसंच नाही का, चाक रुतलं की आपण त्याच्या बाजूचे.

जुनी_वही
हेक्टरशी सहमत, कर्णाबद्दल नाही. कर्ण सभेत द्रौपदीला काय बोलला ते विसरून चाक तेवढं लक्षात ठेवायचं ही आपली हौस आहे. काव्य विसरत नाही. चाक रुतल्यावर तो धर्माची आठवण करून देतो तेव्हा कृष्ण एकेक प्रसंग काढून विचारतो की तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता.

बाकी महाभारताचा नायक कोण हा वाद घालू नका, पाचशे प्रतिसाद होतील. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नायकाच्या भानगडीत न पडता शेवट बघून निकाल दिला होता की वृष्णी आणि पांडव दोघांचाही शेवट इतका विरस केलाय की इतक्या मारामारीच्या काव्याचा मुख्य रस वीर नाही, शांत आहे.

निवांत
गिल्गमेशचं नाव आलं म्हणून लिहितो, माझं लाडकं आहे. मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं, निनेव्हेच्या अवशेषांत सापडलेलं, १८७२ साली जॉर्ज स्मिथला त्यातली प्रलयाची गोष्ट वाचता आली.

यात नायक म्हणजे दोनतृतीयांश देव आणि एकतृतीयांश माणूस, आणि सगळी गोची त्या उरलेल्या एकतृतीयांशाची. मित्र एन्किडू मरतो तर हा त्याला पुरूच देत नाही, नाकातून अळी गळून पडेपर्यंत. मग मरण नको म्हणून जगाच्या टोकाला, प्रलयातून वाचून अमर झालेल्या उतनपिश्तिमकडे जातो. तो म्हणतो, मरण जिंकायचंय ना, आधी झोप जिंकून दाखव, सहा दिवस सात रात्री जागा राहा. हा टेकतो आणि लगेच झोपतो. उतनपिश्तिम बायकोला सांगतो, रोज एक भाकरी भाज आणि याच्या उशाशी ठेव, नाहीतर उठल्यावर नाकारेल. सातव्या दिवशी उठवल्यावर गिल्गमेश म्हणतो, अरे आत्ता कुठे डोळा लागत होता! मग त्याला भाकऱ्या मोजायला लावतात. पहिली वाळून कडक झालेली, दुसरी चामड्यासारखी, तिसरी ओलसर, चौथी पांढुरकी पडलेली, पाचवीवर बुरशी, सहावी ताजी आणि सातवी अजून निखाऱ्यांवर.

मरण काय असतं हे सांगायला कुणी भाषण ठोकलं असतं, इथे सात भाकऱ्या मांडून ठेवल्यात.

आणि पानगळचा मुद्दा इथेही लागू पडतो. अकराव्या पाटीच्या शेवटी तो तरुणपण देणारी वनस्पतीही सापाला गमावून रिकाम्या हाताने परत येतो आणि नावाड्याला उरुक शहराचा तट दाखवतो, चढ वर, बघ पाया, बघ विटा. काव्याच्या सुरुवातीला कवीने आपल्याला तट दाखवताना जे शब्द वापरलेत तेच शब्द. तिथे कवी सांगत होता, इथे नायक सांगतोय.

टवाळखोर
सगळं मान्य पण एक प्रामाणिक तक्रार. मधली लांबण! वनपर्व वाचताना मी दोनदा हरलोय. जो ऋषी येतो तो गोष्ट सांगतो. पांडव बिचारे वनवासात, त्यात ही शिक्षा. ओडिसीत म्हातारी दाई पाय धुताना मांडीवरचा व्रण ओळखते, आता भांडं फुटणार म्हणून आपण श्वास रोखलाय तर होमर सत्तरेक ओळी तो व्रण कधी झाला, रानडुकराची शिकार कशी झाली ते सांगत बसतो. आणि नायक पाचव्या सर्गात स्टेजवर येतो, तोवर नुसता मुलगा फिरतोय. नमनालाच घडाभर तेल!

महाभारतातला हा सगळा मसाला नंतर घुसडलेला असणार, प्रक्षिप्त.

अनुष्टुभ
सरसकट नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून शेकडो हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली. लाखभर श्लोकांचे ७५ हजारांच्या आसपास उरले. गणपतीने लेखनिकाचं काम केल्याची गोष्टसुद्धा मुख्य संहितेतून बाहेर काढली त्यांनी. पण नळ-दमयंती राहिली, सावित्री राहिली.

नळाचंच घ्या. अर्जुन अस्त्रं आणायला गेलाय, भीम धुसफुसतोय, युधिष्ठिर खचलाय. बृहदश्व येतात तर तो विचारतो, माझ्याहून अभागी राजा कुणी पाहिलाय का हो? त्यावर ते नळाची गोष्ट सांगतात. फाशांत राज्य हरलेला, बायकोला रानात सोडलेला, दुसऱ्याच्या घरी वेष बदलून चाकरी करणारा. पुढे ऋतुपर्णाकडून नळ फाशांची विद्या शिकतो आणि राज्य परत जिंकतो. ऐकवून झाल्यावर बृहदश्व काय करतात? तीच विद्या, अक्षहृदय, युधिष्ठिराला देऊन जातात. आणि अज्ञातवासात युधिष्ठिर विराटाकडे काय म्हणून राहतो? कंक नावाचा द्यूतात मुरलेला ब्राह्मण. म्हणजे गोष्टीतून एक वस्तू उचलून त्याने आपल्या आयुष्यात ठेवली. याला लांबण म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

पानगळ
अनुष्टुभ, हे वाचून मी खुर्चीतून उठले, कारण इलियडच्या नवव्या सर्गात हेच उलटं झालंय!

अकिलिस रुसून बसलाय, त्याची समजूत काढायला तिघं येतात. ते येतात तेव्हा तो काय करत असतो माहितीये? तंतुवाद्य घेऊन जुन्या वीरांची गाणी गात बसलेला असतो. लढायचं सोडून! तिघांतला एक म्हातारा फिनिक्स, याने अकिलिसला मांडीवर वाढवलेलं. तो म्हणतो, अरे तुला मी घास भरवायचो, दारूचा घोट पाजायचो आणि तू माझ्या अंगरख्यावर ती परत थुंकायचास. मग तो मेलिएगरची गोष्ट सांगतो. असाच एक वीर रुसून घरात बसला, शहरावर हल्ला झाला तरी हलला नाही, भेटी देऊ केल्या त्या नाकारल्या, शेवटी बायकोच्या रडण्याने उठला पण तोवर उशीर झालेला, भेटीही गेल्या. गंमत म्हणजे त्या बायकोचं नाव क्लिओपात्रा, आणि क्लिओपात्रा व पॅट्रोक्लस ही दोन्ही नावं "बाप" आणि "कीर्ती" याच दोन तुकड्यांची, फक्त उलटसुलट. इतकं तोंडावर ठेवलंय. आणि अकिलिसला ते ऐकू येत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पुढे तो मेलिएगरसारखाच उठतो, उशिरा, पॅट्रोक्लस मेल्यावर.

युधिष्ठिराने गोष्ट घेतली, अकिलिसने नाही घेतली.

जुनी_वही
आणि जनमेजय? तो तर सर्पसत्र करत बसलाय. बाप परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेला म्हणून जगातले सगळे साप आगीत पाडायचे. यज्ञाच्या मधल्या विश्रांतीच्या वेळात वैशंपायन त्याला सूडाने कुळं कशी धुळीला मिळाली ते लाखभर श्लोकांत सांगतो, विश्रांती संपली की पुन्हा आहुती सुरू. यज्ञ थांबतो तो आस्तीक येऊन वर मागतो म्हणून. शेवटी पोथी एवढंच म्हणते की राजाला फार विस्मय वाटला आणि तो तक्षशिलेहून हस्तिनापुरला परतला. विस्मय!

हेक्टरचा_फॅन
म्हणजे ऐकून कुणीच सुधारत नाही, एक युधिष्ठिर सोडला तर. तोही काय शिकला, तर जुगार :)

उंटावरून
मला वाटतं अकिलिसला ती गोष्ट ऐकू गेली होती, फार उशिरा. शेवटचा सर्ग आठवा. हेक्टरचा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम रात्री एकटा त्याच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. दोघं रडतात. प्रायम मुलाचं प्रेत मागतो, अन्नाला शिवलेला नाही. आणि आता गोष्ट कोण सांगतो? अकिलिस. नायोबीची. बारा मुलं गेली, नऊ दिवस प्रेतं तशीच पडून होती, तरी रडून दमल्यावर ती जेवली, आता आपणही जेवू. आणि प्रायम जेवतो. या काव्यात समजुतीसाठी सांगितलेली गोष्ट इथे लागते.

आता माझ्याच थंड पाण्यावर मी कोमट ओततो. मी म्हणालो होतो ना की जेवणाचे प्रसंग म्हणजे तयार तुकडे. नवव्या सर्गात तिघांना अकिलिस जेवू घालतो तेव्हा दोन ओळी आहेत. पॅट्रोक्लसने भाकरी घेऊन सुंदर टोपल्यांतून मेजावर वाढली, आणि मांस अकिलिसने वाढलं. चोविसाव्या सर्गात प्रायमसाठी शब्दशः त्याच दोन ओळी येतात. फक्त पहिलं नाव बदललंय. भाकरी आता अकिलिसचा दुसरा साथीदार ऑटोमेडॉन वाढतो.

पानगळ
मी ते वाचलं होतं. दोन्ही ठिकाणी. लक्षातच आलं नाही.

टवाळखोर
वाचनखूण साठवली. वनपर्व तिसऱ्यांदा काढतोय.